ॲस्पिरिन आणि आमचं खानदानी रक्त

३ मार्च, बिश्केक
हृदयरोग संस्थेच्या अभ्यासात नाव घातलं. डॉक्टर चोल्पोनाय म्हणाल्या, तुमच्यासारख्यांच्या रक्तवाहिन्यांना आतून सूज असते. ॲस्पिरिनने ती उतरते का, कुठली जनुकं जागी होतात, कुठली गप्प बसतात, ते पाहायचंय. रोज एक गोळी, बारा आठवडे.
मी सांगितलं, आमची जनुकं अव्वल. वडील अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी घोड्यावर बसायचे.
"काका, स्टेंट तुम्हाला बसलाय, वडलांना नाही."
विनोदी बाई.

११ मार्च
पोटात जळजळ. दोष गोळीचाच. (काल घोड्याचं सॉसेज जरा जास्त झालं, पण ते वेगळं.) निर्णय: गोळी बंद. सूज मनोबलाने उतरवणार.
सायरागुल रोज विचारते, "घेतली का हो?" मी हो म्हणतो. बायकोशी खोटं नाही. डबीतून हातात घेतोच की.

४ एप्रिल
तपासणीला रक्त दिलं. जिन्यात तिसऱ्या मजल्यावर थांबून नोटीस वाचली. लिफ्ट बंद असल्याची. सविस्तर वाचली.
डावा हात दुखतोय. बटाट्यांचं पोतं. (उचललं सायरागुलने.)

१९ एप्रिल
डॉक्टरांचा फोन. माझ्या रक्तावर ॲस्पिरिनचा शून्य परिणाम! सूज तशीच, जनुकं ढिम्म. दुर्मिळ केस, म्हणाल्या. "गोळी नियमित घेताय ना?" हो म्हणालो. आता खरं सांगून त्यांचा हिरमोड कशाला? सोमवारी सांगेन. नक्की.

२१ एप्रिल, रविवार
धाकटा भाऊ कुबान जेवायला. त्यालाही स्टेंट. म्हटलं, आपलं रक्तच वेगळं, ॲस्पिरिनला जुमानत नाही.
"मग मी दोन वर्षं उगाच गिळतोय?"
मी नुसता हसलो. सगळे माझ्याकडेच बघत होते.

२२ एप्रिल
डॉक्टरांकडे विद्यार्थी होते. चारचौघांत कसं सांगणार?

६ मे, सकाळी ९
कुबानला अटॅक. भावजय रडत म्हणाली, पंधरा दिवस गोळी बंद होती. "म्हणाले, दादाने सांगितलंय, आपल्याला लागू पडत नाही."

दुपारी ४
डॉक्टर चोल्पोनाय वॉर्डबाहेर भेटल्या. दोघा भावांचं रक्त एकत्र तपासू, म्हणाल्या. तेव्हा सांगितलं. अकरा मार्चपासूनचं, सगळं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अभ्यासाच्या यादीतला माझा नंबर खोडला. "भावाला तुम्हीच सांगा."
आत गेलो. कुबानने डोळे उघडले.
"दादा, खरंच ती गोळी आपल्याला लागू पडत नाही?"
"माहीत नाही रे. मी घेतलीच नाही."