शेजारची खुर्ची

आई,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तरी तुमच्या या सुनेला एकदा कबूल केल्याशिवाय चैन पडेना.

दर रविवारी चर्चमध्ये तुम्ही शेजारच्या खुर्चीवर तुमची निळी पिशवी ठेवायचात. कोणी विचारलं तर सांगायचात, "आमची सून येतेय." आणि सून मागच्या खोलीत साठ कप मांडत असायची. खुर्च्या, पंखे, चहा, सगळं मी अंगावर घेतलेलं. देवाचं काम म्हणून कोणाला हातही लावू द्यायचे नाही. एकदा तर सगळ्यांसमोर तुमच्यावर खेकसले, "उगाच जागा अडवू नका, लोक हसतात!" तुम्ही एवढंच म्हणालात, "अगं, प्रभूने तुला बसायला बोलावलंय, राबायला नाही." पुढच्या रविवारी पिशवी पुन्हा तिथेच.

परवा उपासना चालू असताना मला किटली उचलवेना. ती तिथेच ठेवली. पुढे आले आणि त्याच खुर्चीवर टेकले. पाळक प्रार्थना करत होते. मी काहीच मागितलं नाही, नुसतं म्हटलं, "प्रभू, दमले रे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा खांदे सैल पडले. रडले, आणि मग चक्क डोळा लागला. चहा उशिरा झाला. कोणाचं काही अडलं नाही.

उठले ती हलकी होऊन. फक्त, मी बसायला आले तेव्हा खुर्चीवरची पिशवी उचलून घ्यायला तुम्ही हव्या होतात.

तुमची,
उशिरा आलेली सून