कालची कणीक

आबा, काकड्याचे दिवस होते आणि मी चुलीपुढे परात घेऊन बसले होते. गोठा झाडून झाला होता, पाणी भरून झालं होतं. आपल्याकडे भाकरी तांदळाची, गहू सणापुरता, तरी तुमच्या पखवाजासाठी गव्हाचं पीठ निराळ्या डब्यात असायचं. त्या दिवशी पीठ वाचावं म्हणून आईनं कालचाच गोळा ओल्या फडक्यात ठेवला होता. तुम्ही तो धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलात, एक थाप दिलीत आणि लगेच खरवडून काढलात. "कालची कणीक आज चालत न्हाई." आई चुलीत फुंकर घालत म्हणाली, "व्हय, नवरा तेवढा कालचा चालतो." तुम्ही हसलात आणि मला ताजी कणीक मळायला लावलीत. मग चिमूट चिमूट लावत, काढत बसलात. किती लावायची, असं मी विचारलं. म्हणालात, "धूम निराळी ऐकू आली की लय झाली. गाण्याच्या खाली बसली पायजे. नसली तरच कळावी."

आता मी लोणावळ्यात राहते, एकटी. हे जाऊन दोन पावसाळे झाले. ह्यांचं गाणी ऐकायचं वेड तुम्हाला बघायला मिळालं नाही. हॉलमध्ये दोन स्पीकर आणि जमिनीवर एक चौकोनी खोका, सबवूफर. तो फक्त खालचे, जाड आवाज काढतो. तुमच्या धुमेचंच काम. ह्यांच्या आजारपणात पलंग बाहेर आणला तेव्हा तो खोका आम्ही कोपऱ्यात ढकलला आणि तेव्हापासून तो घुमतो. गेल्या आठवड्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. "आई, खालच्या काकू माझ्याकडे तक्रार करतात गं. देऊन टाक ना तो खोका." मी म्हटलं, "थोडं थांब." संध्याकाळी ह्यांची गाणी लावली की घरात कोणी आहे असं वाटतं, हे त्याला सांगितलं नाही.

खोक्याबरोबरचं पुस्तक इंग्रजीत. शब्दकोश घेऊन वाचलं. इंग्रजी वाचायला मी अशीच शिकले आहे. त्यात लिहिलं होतं, खोका ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवा, गाणं लावा आणि भिंतीच्या कडेनं ओणवं होऊन फिरा. जिथं जाड आवाज नीट वाटेल, तिथं खोका न्या. गुडघे दुखतात, तरी फिरले. कोपऱ्यात नुसता गोंगाट, खिडकीखाली काहीच नाही, पुस्तकांच्या कपाटाशी मात्र बरोबर. ओढत तिथं नेला. मग त्याचा आवाज कमी करत आणला. कुठल्या सुराखालचं त्यानं वाजवायचं, त्याचं बटण निराळं. तेही फिरवून पाहिलं. मागे एक खटका आहे. तो एका बाजूला असला की खोका आणि स्पीकर एकमेकांचा आवाज खातात, दुसरीकडे केला की गाणं भरतं. शेवटी खोका वाजतोय हेच कळेना. बंद केला, तर गाणं पोकळ झालं. तुम्ही मान डोलावली असती.

चहा घेऊन मी माझ्या जागी, दाराजवळच्या खुर्चीत बसले. तिथं तो पुन्हा घुमायला लागला. बटण हललं की काय म्हणून उठून बघितलं. काही हललं नव्हतं. पुस्तकानं ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवा म्हटलं आणि मी खोका ह्यांच्या खुर्चीवर ठेवला होता, नंतर ऐकलंही तिच्याचपाशी उभं राहून. दुसरी जागा सुचलीच नव्हती.

मुलाला फोनवर सांगितलं, नीट झालं. नीट झालंच होतं, फक्त तिथं बसायला कोणी नव्हतं. त्या खुर्चीत मी अजून बसलेले नाही, आबा. तिची धूळ तेवढी रोज पुसते. हे पत्र पाठवायचं कुठं, ते मला ठाऊक नाही. पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

हे लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मी खोका उचलून माझ्या खुर्चीवर ठेवला, गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेनं पुन्हा ओणवी फिरले.