पुसलेल्या फरशीवर पंचगव्य

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता मला नीट आठवत नाही. पंचगव्याचा वास मात्र आठवतो. आज कोर्टातली वकिलांची बसायची खोली धुवून घेत होतो. नागपूरहून कोणी बडा साहेब येणार आहे, म्हणून अकोल्यात सगळीकडे चुना, गेरू आणि फिनेल यांची धांदल उडाली आहे. त्या खोलीच्या भिंतींवर खालच्या बाजूला पानाच्या पिचकाऱ्यांचे इतके थर बसले होते की माझ्या कामाच्या बायांनी ते आधी खुरप्यानं खरवडले आणि मग धुतले. खुरपं म्हणजे वांग्याच्या वाफ्यातलंच, दुसरं नव्हे. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. लोकांच्या घाणीवर माझी चूल पेटते, तरी माझी किळस काही मेली नाही. उलट वयाबरोबर वाढतच चालली आहे. अडाणी माणूस निदान रस्त्यावर थुंकतो आणि शिकलेला आडोसा बघून थुंकतो, एवढाच दोघांतला फरक मला या धंद्यात सापडला. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तुम्ही आठवलात म्हणून लिहायला बसलो.

तुम्हाला मी कारकून व्हायला हवा होतो, आणि झालोही होतो. धामणगावच्या जिनिंगच्या ऑफिसात टेबलाखुर्चीची नोकरी, बसल्या जागी पगार. तुम्ही अंबादेवीला नारळ फोडला होता. पण त्या ऑफिसात काय होतं ते तुम्ही कधी पाहिलं नाहीत. दौतीत कापसाचे तंतू, पाण्याच्या माठात कापसाचे तंतू, आणि कपाटामागे उंदरांनी सरकी नेऊन घातलेले संसार. शिपाई रोज झाडायचा, म्हणजे इकडचा कचरा तिकडे न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिकडचा इकडे आणायचा. एकदा मुंबईचा एक बडा खरेदीदार आला, आमच्या शेठजींनी त्याला मानाच्या खुर्चीवर बसवलं, आणि तो उठायला लागला तर त्याचं पांढरंशुभ्र धोतर खुर्चीलाच चिकटलेलं. कुणीतरी सांडलेला गूळ होता तो, कधीचा कोण जाणे. शेठजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्या दुपारी मी स्टेशनाबाहेर भाजी विकून रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या माळणींना बोलावलं आणि ते ऑफिस धुवून घेतलं. संध्याकाळी शेठजी दारात उभे राहून नुसते बघत राहिले. त्यांना आपल्याच ऑफिसाची ओळख पटेना. तेव्हा माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं, की घर आणि कचेरी धुऊन देण्याचा धंदा का करू नये?

नोकरी सोडून अमरावतीला घरी आलो आणि तुम्ही जेवत असताना तुम्हाला सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं, असं आई म्हणायची. तुमचा घास हातातच राहिला. "बाप घरोघरी पूजा सांगते आन पोरगा घरोघरी झाडू मारन?" तुम्ही म्हणालात. "लोकं मले विचारतीन तं मी काय सांगू?" मी म्हणालो, सांगा की दोघंही घरं स्वच्छ करतो. तुम्ही आपोशन घेऊन पानावरून उठलात. आईनं पुढचे कित्येक दिवस मला वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या माळणींमधली एक पुढे माझ्याबरोबर कायमची आली. तिचं माहेर अमरावतीचंच, बडनेऱ्याच्या रस्त्यावर त्यांचा मळा होता. नवरा गेलेला, जीभ मात्र शाबूत. आम्ही सगळे तिला मावशी म्हणत असू, आणि ती मला भाऊ म्हणायची. धंदा माझ्या नावाचा असला तरी बाया तिच्या शब्दावर येत आणि तिच्या शब्दावर जात. ती नसती तर मी एकटा बादली घेऊन रस्त्यावर उभा राहिलो असतो. एक मात्र आजच सांगून टाकतो, म्हणजे मी फार सोवळा असल्याचं सोंग नको. संडासाच्या टोपल्या नेणारी माणसं मागच्या बोळातून यायची आणि मागच्या बोळातून जायची, त्यांना आमच्यात कोणी धरत नसे, मीही नाही आणि मावशीही नाही. घाणीतसुद्धा आम्ही आमची पायरी सांभाळून होतो.

मग वकीलसाहेबांचं काम मिळालं. ते तुमचेच यजमान. त्यांच्या घरी तुम्ही वर्षानुवर्षं पूजा सांगत होतात आणि त्यांच्या शब्दाखातर तुम्हाला आणखी घरं मिळाली होती. महालक्ष्म्यांचा सण जवळ आला होता, त्यांची आई वारल्यापासून घराची दशा झाली होती, आणि साहेब सभांमधून जातिभेदावर मोठमोठी भाषणं ठोकत होते. मी आधीच विचारलं, "साहेब, माझ्या बाया माळ्यांच्या आहेत. स्वयंपाकघर आणि देवघर कोण धुणार?" साहेब हसून म्हणाले, "अहो, आम्ही असलं काही मानत नाही. सगळं घर त्यांच्याच हातून होऊ द्या." माझी छाती फुगली. या एका घरामुळे मला अमरावतीतल्या सगळ्या वकील, डॉक्टर मंडळींचे दरवाजे उघडणार होते.

बाबा, त्या घराची ओसरी तुम्हाला ठाऊक होती, दिवाणखाना ठाऊक होता. आणि देवघरात तर तुम्ही रोज बसायचात. मग देव्हाऱ्यामागे काय होतं ते तुम्हाला कसं दिसलं नाही? तिथं सोवळ्याशिवाय हात लावायचा नाही, आणि सोवळ्यात असलेल्यानं घाणीला हात लावायचा नाही, म्हणून तिथं कोणीच कधी हात लावला नव्हता. घरातली सगळ्यात पवित्र जागा, म्हणून सगळ्यात घाण. देव्हारा सरकवला तर मागे कुजलेल्या फुलांचा काळा चिखल, त्यात वळवळणाऱ्या अळ्या, आणि भिंतीला चिकटून वाळलेली पाल. नैवेद्याच्या तांदळात उंदराच्या लेंड्या. तुपाच्या भांड्यात तरंगणारं झुरळ, तेही जुनं, फुगलेलं. मी बाहेर जाऊन ओकलो. मावशीनं नाकावर पदर बांधला आणि म्हणाली, "देवाले चालता येत नाई म्हून बरं हाय, नाईतं कवाचाच निंघून गेला असता." दिवसभर बाया राबल्या. राखेनं, चिंचेनं, सोड्यानं घासलं. संध्याकाळी फरशीत दिव्याची ज्योत दिसत होती. वकीलीणबाई अनवाणी त्या फरशीवर उगाचच इकडून तिकडे चालून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मावशी आमची राहिलेली शिडी आणायला गेलो. दार उघडंच होतं. आत तुम्ही होतात. सोवळ्याचा मुकटा नेसलेले, हातात दर्भाची जुडी, आणि वाटीतलं पंचगव्य तुम्ही आमच्या फरशीवर शिंपत होतात. देवघरात, स्वयंपाकघरात, माजघरात. ओठ मंत्र म्हणत होते. शेणाचे पिवळट ठिपके त्या लखलखीत दगडावर पडत होते आणि गोमूत्राचा उग्र वास माझ्या नाकात चढला. मागे साहेब सोवळं नेसून हात जोडून उभे होते, सभेतल्या भाषणांचा माणूस कुठल्या कुठे गेलेला. तुम्ही मला पाहिलंत आणि थांबला नाहीत. मावशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "काहून महाराज, आता तुमी जे शिपून राह्यले, ते पुसाले पुन्हा आमालेच बोलावसान का?"

ती थट्टेनं बोलली होती, पण अगदी तसंच झालं. तुमचं आटोपलं, तुम्ही ओसरीवर, माजघराच्या दारासमोर, दूध प्यायला बसलात, आणि वकीलीणबाई माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "एवढं पुसून द्या हो. महालक्ष्म्या बसवायच्या, पाय घसरतो, वासही येतो. पण तुम्हीच पुसा, त्या बाया नकोत. पुन्हा शुद्ध करावं लागेल." मावशी अंगणात शिडीपाशी उभी राहून ऐकत होती. मला तिथून निघून जाता आलं असतं. पण तुम्ही बघत होतात, आणि आपल्यासारखं काम कुणाला जमणार नाही असं मला तुम्हाला दाखवायचं होतं की काय कोण जाणे, मी फडकं घेऊन गुडघ्यावर बसलो आणि तुमचं पंचगव्य पुसलं. तुम्ही दुधाचा पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "तिकडं कोपऱ्यात राह्यलं पाह्य." एवढंच. ते वाक्य मला त्या अळ्यांपेक्षा घाण वाटलं.

रस्त्यावर आल्यावर मावशीनं सरळ सांगितलं. "भाऊ, आमी धुतल्यावर ज्या घरी गोमूत्र शिपतात, त्या घरी आमी येनार नाई. तुमी तुमच्या बापाले समजवा, नाईतं दुसऱ्या बाया पाहा." ती रागावली नव्हती, म्हणून मी जास्तच घाबरलो. आमचं काम वकिलांच्या आळीत चालणार की बुडणार हे आता तुमच्या हातात होतं. कारण त्या आळीतली सगळी घरं तुमच्याच यजमानांची होती, आणि एका घरानं केलं की बाकीची करणारच. संध्याकाळी मी तुमच्या पायाशी बसलो. म्हणालो, बाबा, मी जे घर धुईन तिथं शुद्धीला जायचं तेवढं नाकारा. दुसरं काही मागत नाही. तुम्ही जानवं चाचपलंत. मग म्हणालात, "तू धूळ काढतो, मी इटाळ काढतो. धंदे येगयेगळे हायेत." मी विचारलं, इटाळ कुणाचा? तुम्ही म्हणालात, "तुह्या बायांचा." मग माझाही झाला की, मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि अगदी मायेनं म्हणालात, "तू काहून? तू तं माहा पोरगा हाय." तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर मी अमरावतीतच राहिलो असतो.

अकोल्याला आलो. घरं सोडली, कचेऱ्या धरल्या. कापसाची जिनं, गाठी बांधायच्या प्रेस, धर्मशाळा, साहेब लोकांचा क्लब. तिथं थुंकतात, ओकतात, दारू सांडतात, पण आम्ही धुतल्यावर मागून कोणी शिंपत नाही. मावशी आणि तिच्या बायाही आल्या, जुन्या कापूसबाजारामागे त्यांनी बिऱ्हाडं केली. माझं लग्न झालं. माझ्या बायकोनं मावशीला पहिल्या दिवसापासून चुलीपर्यंत येऊ दिलं. सुखात होतो म्हणायला हरकत नाही.

आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे आलात. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी सुनेच्या हातचं चालणार नव्हतं, कारण तिची चूल मावशीनं बाटवलेली. मागच्या पडवीत तुम्ही आपली वेगळी शेगडी मांडली, वेगळे देव मांडले, आणि पाटाशेजारी गोमूत्राचं पितळी भांडं ठेवलं. मावशी अंगणातून नुसती गेली तरी तुमचा हात त्या भांड्याकडे जायचा. त्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही, आणि तुम्हाला तर दिसत नव्हतं. हळूहळू तिथं उतू गेलेल्या दुधाचे पापुद्रे चढले, नैवेद्याला बुरशी आली, शेगडीमागे झुरळांनी वस्ती केली. साऱ्या अकोल्याच्या कचेऱ्या धुणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्यात गलिच्छ जागा माझ्या बापाची होती. मला तिकडे बघवत नसे. मी रागानं बघत नसे, हेही खरं.

मग तुम्हाला जुलाब लागले. वैद्य येऊन गेले, त्यांनी पडवी पाहून नाक मुरडलं. तुम्ही पाटावरून उठेनात, मला हात लावू देईनात. तेव्हा मावशी बादली घेऊन आली आणि कुणालाही न विचारता आत शिरली. मी दारात उभा. तुम्ही खराट्याचा आवाज ऐकलात, मान वर केलीत, "कोन हाय?" म्हणालात. ती म्हणाली, "मी हावो महाराज. पाय घ्या वरते." आणि तुम्ही पाय वर घेतलेत. तिनं तुमच्याखालून झाडलं, धुतलं, कोरडं केलं, तुमची घाणही काढली आणि निघून गेली. मी तुमच्या हाताकडे बघत राहिलो. तो मांडीवरून हलला नाही. संध्याकाळी तुम्ही त्याच जागी बसून पेज घेतलीत. दोनेक दिवसांनी तुम्ही गेलात.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो, की शेवटी माझे वडील बदलले होते. धंद्यातल्या लोकांना सांगितलं, मुलांना सांगितलं. मावशीला मात्र ते पटत नाही. आता ती पाठीत वाकली आहे, फडकं धरत नाही, नुसती बसून बायांवर ओरडते, पण या एका गोष्टीवर आमचं अजून वाजतं. ती म्हणते, "कायचं बदलनं भाऊ? म्हाताऱ्याच्यानं हातच उचलला गेला नसन." मी म्हणतो, का नाही? भांडं अगदी हाताशी होतं, मी स्वतः पाहिलं. यावर ती पुन्हा बायांवर ओरडायला वळते. हा कागद घडी करून कपाटात जाईल, पोस्टात टाकायला तुमचा पत्ता नाही. म्हणून लिहून ठेवतो. भांडं हाताशी होतं हे खरं आहे. पण तुम्ही आजारी पडल्यापासून ते कोणी भरलंच नव्हतं, त्यात थेंबभरही काही नव्हतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.