रांजणाला सांगा

वडवणी
२० डिसेंबर १९८६

सौ. भिवरावहिनीस मुक्ताचा नमस्कार वि. वि.

ऊसतोडीला तुमची टोळी पोचल्याचं दादाचं कार्ड मिळालं. राहायला पाचटाची कोपी घातली का, थंडी बाधते का, काही लिहिलं नाही. लिहायचा कंटाळा तुझ्या नवऱ्याला लहानपणापासूनचा!

इकडचं मात्र ठीक नाही. लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून आप्पांनी माझं घर नाकारलं, तेव्हा मी कामाला जाते त्या दूध संघाच्या वृद्धाश्रमात त्यांना ठेवलं. डोळ्यांसमोर राहतील असं वाटलं होतं. पण वहिनी, आप्पा बोलत नाहीत, जेवत नाहीत. ताट ठेवलं की भिंतीकडे वळतात. मी विचारते, दुखतं का, चहा देऊ का, दादाची आठवण येते का, माझ्यावर रागावलात का. ऐकू येत नसेल म्हणून कानाशी ओरडले, तर कानावर हात ठेवला.

दुष्काळानं संघाचं दूध आटलंय, चेअरमन मोहनराव आधीच वैतागलेले. संक्रांतीपर्यंत जेवायला लागले नाहीत तर तुमच्या म्हाताऱ्यांना घरी न्या म्हणाले. कुठल्या घरी? तुमच्या दाराला कुलूप आहे. हंगाम सोडून तुम्हाला येता येत नाही हे कळतं, तरी लिहिते. माझ्या जिवाला थारा नाही.

माया असू दे, उत्तर लवकर दे.
तुझी मुक्ता


कोल्हापूरकडे, उसाच्या फडावरून
२९ डिसेंबर

सौ. मुक्ताताईंस भिवराचा नमस्कार वि. वि.

पत्र वाचलं आणि त्या दिवशी ऊस तुटेना. यांनी मुकादमाकडे सुट्टीची गोष्ट काढली, तो ऐकत नाही. म्हणून सुचेल ते लिहिते, हसू नका.

ताई, मी आप्पांशी कधी बोललेच नाही. सासऱ्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही, असं तुमच्या आईनं बजावलं होतं. मग मी म्हशीशी बोलायची. आप्पा ओसरीवर असले की तिची पाठ खाजवत सांगायची की बाई, आज पिठलं केलंय, कुणाला आवडतंय कोण जाणे. बराच वेळ काही नाही. मग आप्पा खाकरायचे आणि म्हशीलाच सांगायचे की मिरची कमी घाल म्हणावं. आमचा सगळा संसार असा झाला.

राग मानू नका, पण तुम्ही एका दमात चार प्रश्न विचारता आणि उठून जाता. आप्पांचं उत्तर तेव्हा कुठं निघालेलं असतं. त्यांना विचारूच नका. खाटेपाशी जे असेल त्याला सांगा, आणि बसून राहा.

लहान तोंडी मोठा घास झाला, सांभाळून घ्या.
भिवरा


वडवणी
१० जानेवारी १९८७

सौ. भिवरावहिनीस मुक्ताचा नमस्कार वि. वि.

वृद्धाश्रमात म्हैस कुठून आणू? खाटेपाशी रांजण आहे. शेजारच्या खाटेवरचे धोंडीराम टकामका बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खाली बसले आणि रांजणाला सांगितलं की टँकर आला, पण पाणी गढूळ आहे. मग गप्प. वहिनी, गप्प बसणं म्हणजे काय शिक्षा असते गं! पाय वळवळत होते, स्वयंपाकघरातून हाका येत होत्या. उठणार तोच आप्पा खाकरले. रांजणाला म्हणाले की तुरटी फिरवा म्हनावं. मला रडूच फुटलं.

आता रोज बसते. परवा आप्पांकडून रांजणाला कळलं की इथं मानसापुढं ताट ठिवत्यात ते जनावरापुढं पेंडी टाकल्यागत, बसत कुनीच न्हाई. ते ऐकून मी माझीही भाकरी तिथंच घेऊन बसले. आप्पांनी अर्धी खाल्ली. काल सगळी खाल्ली. मोहनराव बघून गेले, संक्रांतीचं नाव काढलं नाही.

दादाला दटावून कार्ड लिहायला लाव. तुमच्या येण्याकडे डोळे लावून आहे.
तुझी मुक्ता

ता. क. पाकीट बंद करत होते, तर आप्पा रांजणाकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले की थांब, भिवराला माझं बी लिही. तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. सांगतात तसं लिहिते.

भिवरे, मी जेवतो. तुमी घाई करू नका. म्हस चाऱ्याच्या छावनीत हाय, बरी हाय. मला हितं रांजण हाय, आता मुक्ता बी बसती. तिकडं फडात तू कुनाशी बोलतीस?