जिल्हा जाहीर होईपर्यंत थांबलेला विमा

उदगीर,
दि. २९ मार्च २०१६

तीर्थरूप ज्ञानोबामामांस,
पंचशीलाचा सविनय जयभीम.

आपली प्रकृती, मामींचे गुडघे आणि विष्णुपुरीच्या धरणातील पाणी या तिन्हींची खुशाली कळवावी. (तिसऱ्याची चौकशी केवळ शिष्टाचार म्हणून, धरणाची स्थिती वर्तमानपत्रात रोज छापून येते.) आम्ही सर्व सुखरूप आहोत. डिसेंबरपासून आपण आमच्या घरी आला नाहीत, याविषयी आई एक शब्दही बोलत नाही. आणि आमच्या आईने एखाद्या विषयावर न बोलणे म्हणजे काय, हे तिच्या थोरल्या बंधूंना मी समजावून सांगावे असे नाही.

नऊ वर्षे आमच्या मोटारीचा विमा आपणच उतरवीत होता. तो दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची बुद्धी माझी. दहावीला तालुक्यात पहिली आलेल्या मुलीने घरबसल्या संगणकावर शोधून अकराशे रुपये वाचविले, म्हणून माझे फार कौतुक झाले. प्रश्न एवढाच उरला की, हे आपणांस सांगायचे कोणी. बाबांना धैर्य होईना; मला तर समोरच्या माणसाशी बोलण्याचे धैर्य मुळातच नाही. म्हणून मी पत्र लिहिले. 'आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही, हे सविनय कळविण्यात येते' हे वाक्य त्या वेळी मला अतिशय सुबक वाटले होते. बाबांनी सवयीने त्यावर जावक क्रमांक टाकला आणि एक प्रत संचिकेत लावली. (बाबा भूमि अभिलेख कार्यालयातून निवृत्त होऊन चार वर्षे झाली, कार्यालय त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेले नाही.) सख्ख्या मेहुण्याला जावक क्रमांकाचे पत्र पाठविणारे आमचे घराणे मराठवाड्यात बहुधा एकमेव असावे.

नव्या कंपनीचा अर्ज मी जानेवारीच्या आरंभीच भरावयास घेतला. 'जिल्हा' या रकान्यात 'लातूर' असे लिहिताच बाबांनी माझा हात धरला. सव्वीस जानेवारीला उदगीर जिल्हा जाहीर होणार, हे त्यांना चहाच्या टपरीवर तीन वेगवेगळ्या सेवानिवृत्तांनी सांगितले होते, आणि तीन साक्षीदार म्हटल्यावर बाबांच्या दृष्टीने तो पंचनामाच झाला. आज लातूर लिहायचे, उद्या जिल्हा बदलायचा, आणि परवा अपघात झाला की कंपनी म्हणणार, हा मनुष्य आमचा नव्हेच. चुकीच्या जिल्ह्यामुळे अकरा वर्षे फिरलेली एक संचिका त्यांनी स्वतःच्या हातांनी फिरविली आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही थांबलो. पंधरा जानेवारीला जुना विमा संपला. सव्वीस जानेवारीला ध्वजवंदन झाले, जिलेबी झाली, जिल्हा झाला नाही. मग एक मे म्हणाले. शेवटी फेब्रुवारीच्या अखेरीस बाबांनी जड अंतःकरणाने 'लातूर' लिहू दिले (पेन्सिलीने लिहिता येत नाही का, असे संगणकाविषयी विचारून झाल्यावर).

तोवर विमा खंडित झाल्यामुळे कंपनीने तपासणीस माणूस धाडला. मोटार दीड महिना दारात उभी, वरून दुष्काळ. तिच्यावर धुळीचा असा थर होता की, त्या गृहस्थांना मोटारीचा रंग अर्जात वाचून घ्यावा लागला. त्यांनी धुऊन ठेवावयास सांगितले आणि ते निघून गेले. मामा, आमच्याकडे नळाला पंचवीस दिवसांनी पाणी येते. आईने घरच्या पाण्याचा एक तांब्याही देण्यास नकार दिला. अर्थात न बोलता, रांजणावर बसून. तेव्हा बाबांनी टँकरवाल्याकडून दोन पिंपे विकत घेतली आणि पहाटे, कोणी उठण्यापूर्वी, आम्ही दोघे मोटारीला भिडलो.

दुष्काळात पाण्याचा आवाज किती दूर जातो, याचा उल्लेख भूगोलाच्या पुस्तकात नाही. पहिल्या मगासरशी शेजारच्या मल्लम्मा घागर घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मास्तरीणबाई, मोटारीला न्हाऊ घालून राहिलात? सोयरीक जमली का काय तिची?" (मी मास्तरीण नाही, पुस्तक वाचताना दिसले की त्या कोणालाही मास्तरीण म्हणतात.) मागोमाग गल्ली लोटली. कोणी भांडले नाही. सर्वजण रिकाम्या घागरी घेऊन नुसते पाहत राहिले, आणि बाबांना ते सहन झाले नाही. दीड पिंप गल्लीत वाटले गेले, अर्ध्यात मोटार. म्हणजे वाचलेल्या अकराशेतून प्रथम पाणी गेले, मग तपासणीसाचा नाष्टा गेला, मग त्यांच्या दुसऱ्या फेरीचा नाष्टा गेला.

खरा खर्च धूळ उतरल्यावर उघडा पडला. डाव्या दाराला केवढा तरी पोचा. आपणांस स्मरत असेल, सहस्रकुंडच्या सहलीत इस्लापूरच्या फाट्यावर एक दगड आपल्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला होता, आणि आपण आमची मोटार मागे घेत वळवीत होता. दावा केल्यास सवलत बुडेल, म्हणून आपणच तो विषय झाकावयास सांगितला होता. धुळीने तो निष्ठेने झाकला. आता नवी कंपनी म्हणते, आधी दार नीट करा. शिवाय नऊ वर्षे एकही दावा केला नाही, याचे पत्र जुन्या कंपनीकडून आणा, तरच सवलत मिळेल. दार दुरुस्तीचा आकडा ऐकून बाबा खाली बसले. जुन्या कंपनीचे पत्र कोणामार्फत आणावे लागेल, हे कळल्यावर मीही.

असो. आम्ही या बदलाने सर्वार्थाने समाधानी आहोत, हे कळविण्यासाठीच हा पत्रप्रपंच. मामींना जयभीम.

आपली आज्ञाधारक भाची,
पंचशीला

ता. क. विमा संपल्यापासून नव्वद दिवसांत नवा घेतला तरच सवलत टिकते. नव्वदावा दिवस चौदा एप्रिल. त्या दिवशी आपले कार्यालय बंद आणि आपण सर्व मिरवणुकीत. तरी आपल्याच कंपनीचा अर्ज घेऊन बारा तारखेपर्यंत यावे, ही विनंती. तपासणी आपली कंपनीही करील. परंतु त्या पोचाविषयी आपण अधिक अधिकारवाणीने बोलू शकाल.

ता. क. २. डिसेंबरमधील ते सुबक वाक्य मी परत घेते. लिहिताना मी फक्त व्याकरण तपासले होते.

ता. क. ३. आईने हे पत्र माझ्याकडून वाचून घेतले. चार महिन्यांनी या विषयावर ती प्रथमच बोलली, म्हणून जसेच्या तसे देते: "इम्याचं एवढं रामायण कशाला लिवलीस? अर्ज न्हाई आणला तरी चालंल म्हणावं, पर जयंतीला दादा घरी पायजे." बाबांनी मागून खूण केली आहे की, अर्ज मात्र आणावाच.