कंपनी कस्तुराच्या हाती देताना

मी, स्वरूपा जयसिंग ओव्हाळ, वय चौसष्ट, राहणार चिंचवड, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. निरंजन भोईर यांनी दिला आहे. गेल्या तीन आठवड्यांत मला स्वतःला तसे फारसे वाटलेले नाही. पण काय लिहिते ते मला पुरते कळते आणि कोणी भरीस घातलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते कोणा दुसऱ्याच बाईने केले होते असे आता वाटते.

१. राहता फ्लॅट मुलगा प्रितम याला. त्याच्या वडिलांचा जाडी मोजायचा मायक्रोमीटरही पेटीसकट त्यालाच. कासारवाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जयसिंगनी वॉशर कापणारी पहिली प्रेस बसवली, तेव्हा मी डबा घेऊन जायची आणि तिथेच बसून वॉशर निवडायची. हात तेलकट झाले की ते म्हणायचे, "तुमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी बघितलं तर मला कोपऱ्यात उभं करतील." त्या पेटीला अजून तोच वास आहे. प्रितमने ती पुसू नये.

२. बांगड्या आणि माझ्या बाबांची बुद्धवंदनेची पुस्तिका सून मिनल हिला.

३. डिसेंबरमध्ये उद्योजकांच्या संघटनेने मला दिलेली 'धाडसी नेतृत्व' ही ट्रॉफी कोणालाही देऊ नये, भंगारात घालावी. ती घेताना मी वीस मिनिटे बोलले. वाईट बातमी नेतृत्वाने सगळ्यात आधी ऐकावी, असे म्हणाले. खूप टाळ्या पडल्या.

४. चाकणच्या आमच्या कंपनीतले माझे साठ टक्के शेअर्स आहेत. त्यातले एक्कावन्न शिफ्ट सुपरवायझर कस्तुरा लोखंडे हिला आणि नऊ प्रितमला. त्याचे चाळीस त्याच्याकडे आहेतच. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोर्टात 'म्हातारीला भुलवली' असे कोणी म्हणू नये.

सतरा फेब्रुवारीला प्रितमचा फोन आला. "आई, कस्तुराने सगळ्या प्रेस बंद केल्यात. माल न्यायला ट्रक दारात उभा आहे. तूच ये आणि काढून टाक तिला."

मी तिला काढायलाच निघाले होते, हे कबूल करते. तीन नंबरच्या प्रेसपाशी तिने माझ्या तळहातावर लाकडाची एक पाचर ठेवली.

प्रेस चालवायला दोन बटणे एकदम दाबावी लागतात, एकेका हाताने. म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात बाहेर राहतात. पाचर ठोकली की एक बटण दाबलेलेच राहते. एक हात मोकळा होतो आणि माल भराभर निघतो.

"कधीपासून?" मी विचारले.

"साहेब होते तेव्हापासून, मॅडम."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला माहीतच आहे असं धरून चालले सगळे. पाचरा स्टोअरमधून येतात. स्लिपवर सही तुमची असते."

मी स्टोअरमध्ये गेले. दर महिन्याची स्लिप होती: लाकडी पाचर, बारा नग. खाली माझी वळणदार सही. पॅकिंगच्या पेट्यांना लागत असतील असे मला वाटायचे. जयसिंग गेल्यापासून अकरा वर्षे वाटत होते.

त्याच तीन नंबरच्या प्रेसवर २०१९च्या जुलैत रुक्मिणीबाई काळोखे यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा अहवाल झाला. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. त्या कागदावरही सही माझीच.

मी एका पालथ्या क्रेटवर बसले. जयसिंग, तुम्हाला ठाऊक होते? मृत्युपत्रात असे प्रश्न विचारत नाहीत, तरी विचारते.

प्रितम म्हणाला, "आई, अकरावी पास बाईच्या हातात कंपनी देतेस?" ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला माझा मुलगा वाईट नाही. पण पाचर त्यालाही रोज दिसत होती. ट्रक कस्तुरालाही दिसत होता, तरी तिने प्रेस थांबवायचे लाल बटण दाबले. नोकरी गेलीच असे धरून तिने आपले सामान आधीच पिशवीत भरून ठेवले होते.

५. माझ्या मागे कासारवाडीची माझी खोली रुक्मिणीबाईंना द्यावी आणि तो अहवाल खोटा होता हे माझे पत्र कारखाना निरीक्षकांकडे पाठवावे, असे कलम इथे होते. ते मी खोडले आहे. वाचून दाखवायला मी देहूला त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या हसल्या.

"म्हंजे तुमी मरायची वाट बघत बसू व्हय, मॅडम? आन् खरं काय ते मेल्यावर बोलनार तुमी?"

सहा मार्चला ते पत्र मी स्वतः निरीक्षकांच्या टेबलावर ठेवले. जे व्हायचे ते माझ्या डोळ्यांदेखत होवो. खोलीचे बक्षीसपत्र त्याच दिवशी केले.

रुक्मिणीबाईंनी आणखी एक मागितले. "त्या कागदावर मला कुनी इचारलं न्हाई. ह्या कागदावर माजी सही घ्या." मृत्युपत्रातून जिला काही मिळते तिने साक्षीदार होऊ नये, असे माझ्या वकील विजयश्री थोरात सांगतात. या मृत्युपत्रातून आता रुक्मिणीबाईंना काहीच मिळत नाही.

अंमलबजावणी विजयश्री थोरात यांनी करावी.

चाकण, दिनांक १० मार्च २०२५
लिहून देणार: स्वरूपा जयसिंग ओव्हाळ

आमच्यासमोर वाचून सही केली, म्हणून साक्षीदार:
१. डॉ. निरंजन भोईर
२. रुक्मिणीबाई काळोखे (डाव्या हाताने. वेळ लागला. सगळे थांबलो.)