माझी काहीच हरकत नाही

२ डिसेंबर
शिवलीलाला बेंगलोरच्या कंपनीत नोकरी लागली. सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या. मी म्हटलं, मग तुला छान जमेल. ती हसली. विरेश हसला नाही.
पाच जानेवारीला जॉइनिंग. सगळ्यांनीच जायचं, विरेश, शिवलीला, त्यांची नीला आणि मी. दुकान चन्नवीर भावजी बघतील. मी ताबडतोब सांगून टाकलं, माझी काहीच हरकत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई आहे मी. सुनेच्या नोकरीला आडव्या येणाऱ्या सासवा वेगळ्या असतात.
सिस्टर फिलोमिना सांगायच्या, रोज झोपताना एक रेझोल्यूशन लिहा. आजचं: सामान कमी न्यायचं.

७ डिसेंबर
सामान काढलं. जातं, शेंगा कुटायचं उखळ, हे गेल्यापासून रिकामी असलेली ह्यांची आरामखुर्ची, ज्वारीची पोती, माझी ट्रंक. एवढंच. चंद्रव्वा भांडी घासता घासता म्हणाली, बाई, जातं, उखळ काय लिफ्टमदनं नेनार व्हय? तितं मिक्सर मिळतोय की. मी म्हटलं, मिक्सरमध्ये शेंगाचटणीला तेल सुटत नाही. ती म्हणाली, तुमी गेलाव की वाचमन पळून जातंय बगा.
शिवलीला हळूच म्हणाली, आई, फ्लॅट दोन बेडरूमचा आहे. मी म्हटलं, मग तीनचा बघा. माझी काहीच हरकत नाही.

११ डिसेंबर
ट्रंक पुसली. चौऱ्याऐंशी साली हीच भरली होती. बेळगावच्या कॉन्व्हेंट शाळेत मला टीचरची नोकरी लागली होती. ह्यांनी तिकडे बदलीसुद्धा मागितली होती. निघायच्या दिवशी सकाळी सासूबाईंना जगलीसमोर, देवाच्या कट्ट्यापाशी, चक्कर आली. रिक्षा दारात उभी होती. ह्यांनी ती परत पाठवली.
बिचाऱ्या सासूबाई. पुढे ती चक्कर कायमचीच मागे लागली. फार सोसलं त्यांनी. मला कधी वाईट वाटलं नाही. शाळेत नेसायला घेतलेली ती निळ्या काठाची पांढरी वॉयलची साडी अजून ट्रंकेत आहे, घडी मोडलेली नाही.

१४ डिसेंबर
बेंगलोरच्या घरमालकाचा फोन आला. विरेश आंघोळीला गेलेला. मी घेतला. माझं माहेर मैंदर्गीचं, कन्नड चांगलं. मालक खूश झाले. मी सगळं मोकळेपणानं सांगितलं. आमच्याकडे पाहुणे फार, पहाटे जातं फिरतं, गड्ड्याच्या जत्रेला दरवर्षी महिनाभर कुलूप असेल, आणि सुनेचं मन तिथे किती दिवस लागेल ते सांगता येत नाही. माणसाशी खरं बोलावं. ते आयतु, आयतु, बरं बरं म्हणाले आणि फोन ठेवला.
संध्याकाळी कळलं, फ्लॅट दुसऱ्याला दिला. शहरातली माणसं शब्दाची पक्की नसतात. विरेशनं दुसरा शोधायला घेतला. आता आंघोळीला जाताना तो फोन आत नेतो. अशानं फोन खराब होतात.

१९ डिसेंबर
वेळ अमावास्या. मैंदर्गीला दादाच्या शेतावर गेलो. भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. लहानपण आठवून डोळे भरून आले. पंगतीत मी सहज म्हटलं, पुढच्या वर्षी आम्ही कुठे असू कोण जाणे, ही मंडळी गड्ड्याच्या आधीच निघाली. एवढंच म्हटलं. पार्वतम्मा वहिनींच्या हातातली पळी तशीच राहिली. अय्यो, सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षता न टाकताच? असं त्या म्हणाल्या. सगळी पंगत शिवलीलाकडे बघायला लागली. तिच्या हातात आंबिलीचा पेला होता. तो तिनं खाली ठेवला.
घरी आल्यावर शिवलीलानं कंपनीला मेल केला. जॉइनिंग एकोणीस जानेवारीला गेलं. कंपनी समजूतदार दिसते.
रेझोल्यूशन: यापुढे त्यांच्या निर्णयात पडायचं नाही.

२८ डिसेंबर
दुपारी त्यांच्या खोलीला आतून कडी असते. आतून चिकटपट्टीचा आवाज येतो. चर्रर्र. मग शांत. मग पुन्हा चर्रर्र. मी चहा घेऊन जाते तेव्हा दोघं बोलायचे थांबतात. आज तीनदा चहा नेला.
नीलाला विचारलं, काय भरताय गं? ती म्हणाली, अज्जी, तुला सांगायचं नाही असं ठरलंय. माझ्यासाठी काहीतरी सरप्राइज असणार.

६ जानेवारी
शिवलीलाच्या कंपनीनं लॅपटॉप पाठवला. ती बाजारात गेली होती. मी सही करून घेतला, जगलीवर ठेवला, उघडला, विभूतीची तीन बोटं ओढली, कुंकू लावलं आणि चमचाभर तीर्थ सोडलं. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची पूजा मीच केली आहे. दुकानाचा तराजू, ह्यांची स्कूटर. फ्रिजला तर सव्वीस वर्षं काही झालं नाही.
तो सुरूच होईना. शिवलीला खाली बसून कानकोरण्यानं बटणांमधली विभूती काढत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. विरेश म्हणाला, आई, तुला खरंच कळलं नाही? मी म्हटलं, चमचाभरच होतं. चमचाभर तीर्थ सोसत नाही ती कसली कंपनी?
चंद्रव्वा म्हणाली, देवाचं पानी हाय की बाई, देवालाच इचारा. तिला फार बोलायची सवय आहे.

१० जानेवारी
दुसरा लॅपटॉप आला म्हणे. तो शिवलीलाच्या बहिणीकडे, चंद्रिकाकडे ठेवलाय. तिच्या घरात किती धूळ असते.

१४ जानेवारी
गड्डा, सिद्धरामाच्या लग्नाचा दिवस. संमती कट्ट्याजवळ पांढऱ्या कपड्यांचा समुद्र. नीला विरेशच्या खांद्यावर. एकदम सगळ्यांचे हात वर गेले, अक्षता उडाल्या. मी मागितलं, देवा, सगळ्यांना एका ठिकाणी ठेव. कुठल्या ठिकाणी ते सांगायचं राहिलं. गर्दी फार होती.
परतताना विरेश म्हणाला, सतरा तारखेची तिकिटं चारही कन्फर्म झाली. मला वाटलं होतं, एखादं वेटिंगला राहील. झालं ते बरंच झालं.

१६ जानेवारी
घर घुमतंय. हाक मारली की आपलीच हाक परत येते. विचारलं, जगलीवर दिवा कोण लावणार? विरेश म्हणाला, चन्नवीर काका लावतील. भावजी स्वतःच्या घरी लावत नाहीत. सिद्धरामा.
जात्याला पोतं गुंडाळून सुतळी बांधली. शिवलीला दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, आई, राहू द्या ना ते. आवाज मऊ होता. मला तो आवडला नाही.
रेझोल्यूशन: उद्या पहाटे उठून प्रवासाला धपाटे करायचे. आनंदानं निघायचं.

१७ जानेवारी
चक्कर आली.
खरंच आली. जगलीसमोर हात जोडले आणि घर फिरलं. जात्याच्या बाजूला पडले असते तर डोकंच फुटलं असतं. सतरंजीच्या बाजूला पडले.
डॉक्टर म्हणाले, बीपी उत्तम आहे. त्यांचं मशीन जुनं आहे.
रिक्षा दारात होती. मी डोळे मिटून म्हटलं, तुम्ही जा, माझी काहीच हरकत नाही. आणि पडून राहिले. पुढे काय होतं ते मला माहीत होतं. आता विरेश बाहेर जाईल, रिक्षावाल्याला काहीतरी सांगेल, रिक्षा रिकामी वळेल. मी कान देऊन होते.
पायाशी बांगड्या वाजल्या. शिवलीलानं पायांवर हात ठेवले, गार हात. म्हणाली, आई, जपा. नीलानं गालाची पापी घेतली, तिच्या पायात बूट होते. घरात बूट. मग बॅगेची चाकं उंबऱ्यावरून खाली उतरली. रिक्षा सुरू झाली.
ती रिकामी नव्हती. आवाजावरून कळतं.
डोळे उघडले तेव्हा विरेश उशाशी बसला होता. एकटा.

१९ जानेवारी
शिवलीला आज जॉइन झाली. विरेशनं सांगितलं. मी म्हटलं, छान. चंद्रव्वानं माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. आजारी तर नसेल?

२४ जानेवारी
जात्याची सुतळी सोडली. उखळात शेंगाचटणी कुटली, विरेशला आवडते तशी. अर्धी भाकरी खाऊन उठला. दुकान आता भावजींकडे, त्यामुळे त्याला काम नाही. दिवसभर ह्यांच्या आरामखुर्चीत बसतो. पाठमोरा बघितला की मला वाटतं हेच बसलेत. बेळगाव राहिलं तेव्हा हे असेच बसायचे.
नीलाचा व्हिडिओ कॉल आला की फोन घेऊन गच्चीवर जातो. खाली येतो तेव्हा तोंड धुतलेलं असतं.
त्याची बॅग दाराशीच आहे. उघडलेली नाही. रोज सकाळी तो एकच प्रश्न विचारतो, आई, चक्कर? विचारताना बॅगेकडे बघतो.
आज मी थांबली म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, थोडी आहे अजून. तो बरं म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.
सासूबाईंची चक्कर पुढे अकरा वर्षं राहिली. शेवटपर्यंत. एवढी वर्षं कशी टिकवली असेल त्यांनी?
रेझोल्यूशन: उद्या उठताना भिंत धरायची. विसरायचं नाही.